नागपूरला पाठवलेलं कस्टर्ड

माझ्या स्वयंपाकघरातल्या एकाही डब्यावर नाव नव्हतं. डब्यात काय आहे ते मला ठाऊक असतं, आणि डब्याला वाचता येत नाही. मग नाव लिहायचं कुणासाठी?

हे मी माझ्या सुनेला, वैशालीला, महिन्यातून एकदा तरी ऐकवत असे. वैशाली इथे लीड्सच्या मोठ्या दवाखान्यात औषधांच्या विभागात आहे. दिवसभर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते, आणि घरी आली तरी तिचे हात शिवशिवत असतात. तिनं एक लहानसं मशीन आणलंय. बटणं दाबली की त्यातून नाव छापलेली चिकटपट्टी जिभेसारखी बाहेर येते. एकदा मी पंधरा दिवस बाहेरगावी गेले, तर मागे तिनं माझे सगळे डबे छापून काढले! परत आल्यावर मी आधी चहा घेतला आणि मग गरम पाणी, सुरी घेऊन एकेक पट्टी खरवडून काढली.

"आई, एक दिवस घोटाळा होणार बघा."

"तुझ्या दवाखान्यात नाव चुकलं तर माणूस मरतो. इथे फार तर आमटी बिघडेल."

"मग बिघडेल ना!"

"माझ्या हातून एक डबा जरी चुकला ना, तर ती तुझी पट्टी माझ्या कपाळावर चिकटव."

हे मी बोलले. चौथी पास बाईनं एवढं पुढचं बोलू नये, पण बोलले.

आता डबे म्हणजे काही स्टीलचे चकचकीत डबे नव्हेत. आइस्क्रीमचे पांढरे डबे, मोठे आणि लहान. (आइस्क्रीम संपतं, डबा राहतो. इंग्रज लोक तो फेकून देतात. मी त्यांच्या बऱ्याच गोष्टी माफ केल्या, ही केली नाही.) दिसायला सगळे सारखे. पण माझी पद्धत पक्की. कुठला डबा कुठे ठेवला, तेवढं लक्षात ठेवायचं. डोळ्यांचं काम नाही, नाकाचं काम नाही. तेही बरंच, कारण गेल्या वर्षीच्या मोठ्या सर्दीनंतर माझं नाक फक्त चष्मा ठेवायच्या कामाचं उरलंय.

तर अशा या घरातली माझी नात प्रज्ञा. जन्म लीड्सचा, शाळा लीड्सची, बर्फ पडत असताना कोट न घालता फिरायची खोड लीड्सची. तिनं नागपूरच्या मुलाशी लग्न केलं, आणि तो इथे यायच्या ऐवजी हीच तिकडे गेली. लोक नागपूरहून लीड्सला येतात, आमची लीड्सहून नागपूरला. आणि तिथे तिला दिवस गेले.

दिवस गेले आणि उलट्या सुरू झाल्या. तिसरा महिना संपत आला तरी पाण्याचा घोट टिकेना. पाच किलो वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल. विहीणबाई, म्हणजे तिची सासू, बिचारी जिवाचं रान करत होती. चिंच आणली, कैरी आणली, आवळा आणला, साबुदाण्याची पेज केली. प्रज्ञानं बशी बघितली की ती न्हाणीघराकडे धावायची.

एक दिवस मी व्हिडिओवर विचारलं, "हे बघ, तुला आवडायला पाहिजे ते सोड. तुला खावंसं काय वाटतं ते सांग."

ती आधी रडली. मग म्हणाली, "आजी, मला कस्टर्ड पाहिजे. हॉट वाला."

"कस्टर्ड?"

"आणि मॅशवर ग्रेव्ही. थिक. आणि टोस्टवर तो काळा वाला, सॉल्टी. आणि पिकल्ड अनियनचा क्रिस्प्स. आणि क्रंपेट्स. आजी, काल माझ्या स्वप्नात क्रंपेट आला होता."

डोहाळे म्हणतात ते हेच! बाईला माती खावीशी वाटते, राख खावीशी वाटते हे मी ऐकलं होतं. पण ग्रेव्ही?

मला या पदार्थांची ओळख करून द्यायची गरज नाही. याच शहरात मी एका दवाखान्याच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं काढली. कस्टर्ड आणि ग्रेव्ही आतून मोठ्या पातेल्यात तयार होऊन यायची आणि मी डावानं वाढायची. गोड पदार्थावर पिवळा डाव, तिखट पदार्थावर तपकिरी डाव. (तिखट म्हणजे त्यांचं तिखट. त्यात मिरची शोधायला गेलात तर पेन्शन लागेल.) बावीस वर्षांत यातला एक थेंब मी जिभेला लावला नाही. ते टोस्टला फासायचं यीस्टचं काळं चाटण तर बुटाचं पॉलिश म्हणून फेकून दिलं असतं. आणि क्रंपेट म्हणजे एका बाजूनं भाजलेली, दुसऱ्या बाजूनं भाजायची राहिलेली आंबोळी.

नागपुरात कस्टर्ड पावडर मिळते हे मलाही माहीत आहे, कुणी कळवू नये. विहीणबाईंनी ती आणली, थंड करून त्यात केळी-डाळिंब घातलं. प्रज्ञा म्हणाली, "हा तसा नाही." डोहाळ्यांपुढे कुणाचं चालतं?

आमच्या लोकांत एक रीत आहे. कुणी गावाकडे निघालं की त्याच्या बॅगेत आपला हक्क असतो. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा निखिल, कॉम्प्युटरवाला, भावाच्या लग्नाला नागपूरला निघाला होता. रविवारी संध्याकाळी मँचेस्टरहून विमान. मी त्याला घरी बोलावून पोहे घातले. पोहे संपल्यावर विषय काढला.

"आजी, तीन किलो," तो सावध होऊन म्हणाला. "वर एक चमचा नाही. आईच्या प्रेशरच्या गोळ्या, वहिनीचे बूट, काकांचं ड्रिल मशीन... माझे कपडे मी अंगावर घालून चाललोय."

शनिवारी वैशाली कामावर गेली आणि मी सगळं सामान काट्यावर ठेवलं. पाच किलो! नीट पाहिलं तर त्यात निम्मी काच, पत्रा आणि पुठ्ठा. प्रज्ञा काय पत्रा खाणार होती? मी कस्टर्डचे पत्र्याचे डबे उघडून आइस्क्रीमच्या डब्यात ओतले. उकळत्या पाण्यात पडले की दाट रस्सा होतो ते ग्रेव्हीचे दाणे दुसऱ्या डब्यात. काळं चाटण काचेच्या बरण्यांतून खरवडून तिसऱ्या डब्यात. क्रिस्प्सच्या, म्हणजे बटाट्याच्या वेफर्सच्या, पाकिटांत निम्मी हवाच होती. हवा नागपुरातही आहे! प्रत्येक पाकिटाला टाचणीनं भोक पाडलं आणि हातानं दाबून चपटं केलं. क्रंपेटला तेवढं मी हात लावला नाही. त्याला आधीच भोकं आहेत.

सगळं मिळून दोन किलो नऊशे ग्रॅम. मी स्वतःवरच खूष झाले.

त्याच दुपारी मी दुसरं एक काम काढलं होतं. रविवारी वैशालीची साहेबीण, हेलन, आमच्याकडे जेवायला येणार होती. पिठलं-भाकरी, आमटी आणि भरली वांगी असा बेत ठरला होता. शिवाय विहारात नेहमी भेटणारे रामटेके पती-पत्नीही येणार होते. म्हणून बेसनाची नवी पिशवी, नागपूरचा काळा मसाला आणि भिजवून गाळलेला चिंचेचा कोळ, हेही मी तसल्याच डब्यांत भरलं. टेबलाच्या डावीकडे घरचे तीन डबे, उजवीकडे प्रज्ञाचे तीन डबे. पद्धत पक्की!

मग मी चहा केला आणि खिडकीपाशी ऊन आलं होतं म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. चहा झाला. उठले. उजवीकडचे डबे उचलून निखिलच्या पिशवीत घातले.

माणूस टेबलाच्या पलीकडे गेला की त्याची उजवी बाजू कुठे जाते, हे शाळेत पाचवीत शिकवत असतील.

पिशवीत विहीणबाईंसाठी एक चिठ्ठीही टाकली, स्वच्छ अक्षरात. "जयभीम. पिवळं: गरम दुधात, साखर घालून, सारखं ढवळणे. तपकिरी: उकळत्या पाण्यात घालून कुस्करलेल्या बटाट्यावर. काळं: टोस्टला लोणी लावून वर अगदी पातळ. मुलीनं नाही म्हटलं तरी थोडं द्यावे."

रविवारी सकाळी निखिल पिशवी घेऊन गेला आणि मी स्वयंपाकाला लागले.

आयुष्यात असं पिठलं माझ्या हातून झालं नव्हतं. लसूण, मिरची, मोहरीची फोडणी घातली, पाणी उकळलं, पीठ सोडलं, आणि काय सांगू, एक गुठळी नाही! मऊसूत, पिवळंधमक, चमच्यावरून रेशमासारखं खाली येणारं. पन्नास वर्षं पिठल्यातल्या गुठळ्या फोडण्यात गेली माझी. खरं तर तिथेच संशय यायला हवा होता. पण कौतुकाच्या वेळी कोण संशय घेतं? मला वाटलं, उशिरा का होईना, हात बसला.

आमटीत मसाला घातला तर ती बघता बघता दाट झाली. मी पाणी घातलं. ती अजून दाट झाली. मी म्हटलं, डाळ चांगली आहे.

पानं वाढली. हेलन मांडी घालून बसायला तयार होती, पण तिचे गुडघे नव्हते, म्हणून सगळे टेबलापाशी बसले. रामटेकेवहिनींनी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला, तोंडात घातला आणि नवऱ्याकडे पाहिलं. रामटेकेंनी वांगं खाल्लं आणि ते पाणी प्याले. मग परत पाणी प्याले.

"काय हो, तिखट झालं का?" मी विचारलं.

"नाही नाही, तिखट नाही," ते म्हणाले. "तिखट नाहीच."

"वहिनी, पिठलं वाढू?"

"अहो, बस! आमचं आज जरा... डाएट आहे."

नागपूरच्या बाईला पिठल्यापुढे डाएट आठवावं! मला राग आला. तेवढ्यात हेलन म्हणाली, "हे फार इंटरेस्टिंग आहे."

इंग्रज माणूस 'इंटरेस्टिंग' म्हणाला की ताट काढून घ्यावं, हे मला बावीस वर्षांत कळलं होतं. पण ही बाई खात होती! तिनं भातावर आमटी घेतली. परत घेतली. तिसऱ्यांदा पातेलंच जवळ ओढलं. तिचे डोळे भरून आले.

"माझी आई अगदी अशीच ग्रेव्ही करायची," ती म्हणाली. "रविवारी. अगदी अशीच. आणि हे कस्टर्ड, लसूण घातलेलं, हे मात्र मी पहिल्यांदाच खातेय. हा भारतीय प्रकार आहे का?"

रामटेकेवहिनींनी हातातली भाकरी खाली ठेवली.

वैशालीनं बोटाच्या टोकानं पिठलं चाखलं. डॉक्टरांनी चुकीचं औषध लिहून दिलं की ती ज्या नजरेनं कागदाकडे बघत असेल, त्या नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. मग उठली, स्वयंपाकघरात गेली आणि डबा घेऊन आली.

"आई, हे काय आहे?"

"बेसन."

"हे कस्टर्ड आहे."

"मग बेसन कुठे आहे?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय."

सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. हेलननंही पाहिलं. तिला काही कळलं नव्हतं, पण ती शिष्टाचाराची बाई आहे.

वैशालीनं निखिलला फोन लावून माझ्या हातात दिला.

"निखिल, ती पिशवी कुठे आहे?"

"बॅगेत टाकली ना आजी. बॅग आत्ताच पट्ट्यावरून आत गेली. वजन एकदम बरोब्बर भरलं! थँक यू हं."

"ती परत मागव."

"आजी, ती विमानात चाललीय. डाकेचा डबा नाही तो."

"मग त्यांना सांग, त्यात बेसन आहे."

"असू दे ना," तो म्हणाला. मग थांबला. "आजी... तुम्ही नागपूरला बेसन पाठवताय?"

मी फोन ठेवला. रामटेकेवहिनी हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात होत्या. रामटेके तिसऱ्यांदा पाणी पीत होते, कारण वांग्यात चिंचेच्या जागी ते काळं, खारट चाटण सढळ हातानं पडलं होतं.

हसणं संपल्यावर वैशाली गंभीर झाली. पोरगी तिची. तिकडे ती तीन महिने उपाशी, आणि आता तिला तिखटजाळ मसाला उकळून घालणार! तिनं तेव्हाच्या तेव्हा गाडी काढून दुकान गाठलं. रविवारी दुकानं लवकर बंद होतात. ही शटर खाली यायच्या आत शिरली. सगळं सामान पुन्हा घेतलं, पत्र्यासकट, पुठ्ठ्यासकट, हवेसकट, आणि सोमवारी कुरिअरनं पाठवलं. ते पोचायला दहा दिवस लागणार होते.

"प्रज्ञाला मी फोन करून सांगते," वैशाली म्हणाली.

"नको. चूक माझी आहे, मीच सांगते."

वैशालीला माझा मोठेपणा वाटला. मला फक्त वेळ हवा होता.

सोमवारी मी फोन केला. मी तोंड उघडायच्या आत प्रज्ञा म्हणाली, "आजी, निखिल उद्या येणार आहे! मी आज चार वेळा उलटी केली, पण इट्स ओके, उद्या कस्टर्ड आहे." आवाज एवढासा झालेला, पण त्यात तीन महिन्यांत पहिल्यांदा जीव होता. मी म्हणाले, "जपून खा हं." आणि फोन ठेवला. वैशालीनं विचारलं, "सांगितलंत?" मी म्हणाले, "बोलणं झालं." हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

मंगळवारी दुपारी त्यांचाच व्हिडिओ आला. वैशाली घरी होती; ती माझ्या खांद्यावरून बघायला लागली. पडद्यावर विहीणबाई, जावई, शेजारच्या दोन बाया आणि मधोमध प्रज्ञा, गळ्याला रुमाल बांधून. समोर तीन बशा.

"आई," वैशाली माझ्या कानात म्हणाली, "यांना माहीत नाही का?"

मी ऐकू येत नसल्यासारखं केलं. या वयात त्याची सोय असते.

"जयभीम आजी!" विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्या चिठ्ठीबरहुकूम केलंय सगळं. पिवळं जरा कच्चट वाटलं म्हणून मी तुपात परतून घेतलं, मग दूध-साखर घातली. वास ओळखीचा येत होता, पण म्हटलं, तिकडचं असंच असेल. तुमच्या त्या चिप्सचा मात्र भुगा झालाय."

प्रज्ञानं पहिला चमचा तोंडात घातला. थांबली. परत चव घेतली. मग टोस्टचा तुकडा चाटला. मग कॅमेऱ्याकडे, म्हणजे सरळ माझ्याकडे, पाहिलं.

"आजी. हा बेसन आहे."

"हो."

"आणि हा टॅमरिंड आहे."

"हो."

"तू लीड्सहून मला चिंच पाठवलीस?"

विहीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तीन महिने त्यांनी तीच चिंच पुढे केली होती आणि पोरीनं तोंड फिरवलं होतं!

प्रज्ञा हसायला लागली. इतकी हसली की जावयानं सवयीनं बादली पुढे सरकवली. पण बादली लागली नाही. हसता हसता तिनं टोस्टवर चिप्सचा भुगा भुरभुरवला आणि तो आंबट टोस्ट संपवला. मग दुसरा मागितला. मग बटाट्यावरचा काळ्या मसाल्याचा रस्सा, नाक पुसत पुसत. मग दुधातलं बेसन, बशी चाटून. आम्ही दोघी इकडे घड्याळ बघत पंधरा मिनिटं बसलो. अर्धा तास बसलो. सगळं पोटात राहिलं.

डॉक्टर नंतर म्हणाले, साधारण चौथ्या महिन्यात उलट्या आपोआप कमी होतात. म्हणजे श्रेय बेसनाचं नाही, महिन्याचं. पण विहीणबाईंनी साऱ्या वस्तीत सांगितलंय की, लीड्सच्या आजीला दुरून डोहाळे ओळखता येतात. माझ्याकडे आता नागपूरहून दोन अनोळखी बायकांचे फोन येऊन गेलेत. मी त्यांना बेसन सांगितलं.

दहा दिवसांनी कुरिअर पोचलं. खरं कस्टर्ड, खरी ग्रेव्ही, खरं काळं चाटण. प्रज्ञानं दोन चमचे खाल्ले आणि फोन केला.

"आजी, छान आहे. पण तो पहिला वाला पाठव ना."

"पहिला म्हणजे? बेसन?"

"हो. इथल्या बेसनला ती टेस्ट नाही येत."

मी वैशालीला माझ्या बेसनाची पिशवी दाखवली आणि मागचं बारीक अक्षर वाचायला सांगितलं. तिनं वाचलं. भारतात दळलेलं, भारतात भरलेलं. तरी परवा मी एक किलो पाठवलं. डोहाळ्यांपुढे कुणाचं चालतं?

आता राहिली कपाळाची गोष्ट. वैशाली एका शब्दानं बोलली नाही. सून बोलत नाही म्हणजे सगळं बोलून झालेलं असतं. आठवडाभर मी वाट पाहिली, मग मीच ते मशीन तिच्यापुढे नेऊन ठेवलं.

"छाप."

"काय छापू, आई?"

"आधी डब्यांची नावं. मग माझी पट्टी."

तिनं एकूण एक डबे छापले. (तिला इतकं सुखी मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.) शेवटची पट्टी छापून तिनं माझ्या हातात दिली. इंग्रजी मोठी अक्षरं मला एकेक करून वाचता येतात. कस्टर्ड, असं लिहिलं होतं. मी ती कबूल केल्याप्रमाणे कपाळावर चिकटवली आणि नागपूरला व्हिडिओ लावला.

प्रज्ञा वरण-भात खात होती. मला बघून तिला ठसका लागला. विहीणबाई पाणी घेऊन धावल्या आणि त्यांनी पडद्यात डोकावून विचारलं, "अगं, आजींच्या कपाळावर ते काय लिहिलंय?"

"कस्टर्ड," प्रज्ञा म्हणाली.

विहीणबाईंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"म्हणजे आत बेसन आहे," त्या म्हणाल्या.

माझ्या घरात चिकटवलेली पट्टी वाचून आत काय आहे ते बरोबर ओळखणारी ती पहिली बाई!